दुसऱ्या मजल्यावरचा धोटे

खराद मशीनखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे आमच्या बाकाखाली किस्से साचतात. मशीनखालचा कीस शिफ्ट संपली की कोणीतरी झाडून नेत असे. बाकाखालचा कोण नेणार? मी, धोटे आणि इंगळे, तिघंही एकाच फॅक्टरीतून, एकाच शॉपमधून रिटायर झालेलो. हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या जुन्या बाजारात, बडा फुहाऱ्याजवळ, एका गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे, त्याच्या बाहेर एक बाक आहे. रोज साडेनऊला बसतो, बाराला उठतो. पूर्वी तिथे सगळ्या जगाच्या गोष्टी होत. दोन वर्षांपासून सगळे किस्से एकाच गोष्टीचे होऊन राहिले. धोटेचा वन-बीएचके.

मी सातवी नापास माणूस. गोड करून लिहिणं मला येत नाही. मी धोटेवर जळतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

* * *

धोटेची बायको गेली त्याला चार वर्षं झाली. मुलगा पुण्याला. त्यानं बापाला सोबत नेलं आणि सहा महिन्यांत बाप परत. काहून आला बे, असं विचारलं तर म्हणे, "तिथल्या लिफ्टमध्ये लोक तीन भाषा बोलतात. माझ्याशी एकीतही नाही." रांझीतलं आपलं घर त्यानं आधीच पुतण्यांना देऊन टाकलं होतं. म्हणून भाड्याचं घर पाहणं सुरू झालं. त्याला हवं होतं एवढंच, की एक बेडरूम असावी आणि जिना उतरला की बाजार असावा.

मी आणि इंगळे सोबत गेलो. पहिल्याच घरमालकानं गेटमधून विचारलं, फॅमिली आहे का? धोटे म्हणाला, एकटाच आहे.

"सॉरी अंकल, हम बैचलर को नहीं देते."

धोटे तेव्हा बहात्तरचा होता. राग येणं दूर, माणसाचे गाल लाजून लाल झाले. मालक आपलं समजावून राहिला, की बॅचलर लोकांकडे पोरी येतात, पार्ट्या होतात, मोहल्ल्यात नाव खराब होतं. धोटेनं शांतपणे तोंडात हात घातला. वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही रुमालावर ठेवून मालकासमोर धरल्या आणि बोळक्या तोंडानं काहीतरी बोलला. मालकाला समजलं नाही. आम्हालाही नाही. इंगळे दिवसातून एकदाच बोलतो, पण तेव्हा बोलला.

"पूछ रहे हैं, किस टाइप की लड़की आएगी?"

घर नाही मिळालं ते नाहीच. पण परत येताना धोटे शीळ घालत होता. मी घरी येऊन आरशात पाहिलं. मला कोणी बॅचलर म्हणेल असं काही दिसलं नाही. माझी जळजळ बहुतेक तिथूनच सुरू झाली.

* * *

दुसरा मालक सरळ होता. त्यानं चहा पाजला, खोली दाखवली आणि अग्रीमेंटचा कागद पुढे ठेवला. अकरा महिन्यांचा. आणि म्हणाला की अकरा महिन्यांच्या आधी सोडून जायचं नाही, याची मला लेखी गॅरंटी पाहिजे.

धोटेनं पेन उघडलं, कागद वाचला, पेन बंद केलं.

"भैया, ये गारंटी तो मेरा डॉक्टर भी नहीं देता."

मालकानं आधी हसून घेतलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

* * *

तिसरं घर चौरसिया भाभीचं. खाली कपड्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर भाभी स्वतः, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन वन-बीएचके, त्यावर आणखी भाडेकरूंचे मजले. भाभी साठीच्या असतील, नवरा नाही, आवाज मात्र दोन माणसांचा. त्यांनी ना फॅमिली विचारली, ना पेन्शन, ना जात. एकच विचारलं.

"सुबह उठते कितने बजे हैं?"

धोटे म्हणाला, सव्वाचार. चाळीस वर्षं फर्स्ट शिफ्ट केली, आता शिफ्ट नाही पण डोळा तेव्हाच उघडतो.

भाभीनं कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. झालं काय होतं, की त्या बिल्डिंगला नळ पावणेसहाला येतो, अर्धा तास राहतो, आणि तेवढ्यात कोणीतरी खाली उतरून मोटर लावावी लागते. नाही लावली तर दिवसभर सगळे कोरडे. भाडेकरू सगळे आठला उठणारे. भाभी एकट्या किती वर्षं उतरणार? त्यांना भाडेकरू नको होता, मोटर लावणारा पाहिजे होता.

आता ऐका. मीही चाळीस वर्षं फर्स्ट शिफ्टच केली. मीही सव्वाचारलाच उठतो. आमच्या घरी त्याबद्दल फक्त तक्रार होते. संजू, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो बाबा, सहापर्यंत पंखासुद्धा बंद करू नका, आवाजानं पोरं उठतात. ज्या गुणापायी मला अंथरुणात पडून राहावं लागतं, त्याच गुणावर धोटेला बडा फुहाऱ्यावर घर मिळालं!

* * *

धोटेनं पलंग गोहलपुरच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. लोखंडी, अँगलचा, एकसंध. माप घ्यायला आम्ही दोघं गेलो. दोघंही टर्नर. आयुष्यभर केसाच्या जाडीनं काम केलेलं. दाराची चौकट मी तीन ठिकाणी मापली, वर, मध्ये, खाली, कारण चौकट सगळीकडे सारखी नसते. बेडरूमचं दार वेगळं मापलं. भिंतीला गुनिया, म्हणजे काटकोन पाहायची पट्टी, लावला तर भिंत पाऊण इंच बाहेर. मी लगेच म्हटलं, बघ, घर तिरकं आहे.

"बाहेर आहे ना? मग जागा वाढलीच," धोटे म्हणाला.

पलंग आला. चौकटीतून दोन सूत जागा ठेवून जाईल असा बरोबर बनला होता. पण चौकटीपर्यंत पोहोचला नाही. पहिल्या मजल्याच्या वर जिना वळतो, तिथे पलंग अडकला. ना वर, ना खाली. आम्ही दोघांनी जगातलं सगळं मापलं होतं, जिना सोडून.

सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत पलंग तिथे. येणारेजाणारे खालून वाकून जाऊन राहिले. भाभीनं पाहिलं, चहा पाठवला. धोटे जिन्याच्या वळणावर त्या पलंगावरच मांडी घालून बसला, चहा प्यायला आणि येणाऱ्या प्रत्येकाला, नमस्ते जी, मैं नया किराएदार, असं सांगत गेला. चार तासांत सगळ्या बिल्डिंगची ओळख झाली. शेवटी हॅकसॉ आणून पाय कापले तेव्हा पलंग वर गेला.

आता तो पलंग जमिनीपासून वीतभर आहे. मी म्हटलं, म्हातारपणी यातून उठशील कसा? तो म्हणाला, उठायचं सोड, पडलो तर लागणार नाही.

माझा पलंग संजूनं घेतलेला आहे. बॉक्सवाला, गुबगुबीत, सनमायका लावलेला. त्यावर बसलो की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. नातवासारखे लोंबतात.

* * *

आमचं घर कुठे आहे ते सांगायचं राहिलं. तिलवाऱ्याच्या रोडला एक नवीन कॉलनी आहे, तिथे संजूचा डुप्लेक्स आहे. गेट आहे, गार्ड आहे, पार्क आहे, फवारा आहे. चार बेडरूम. बाकावर मी त्या घराचं इतकं कौतुक केलं आहे, की इंगळेला त्याचा नकाशा पाठ आहे. जे बाकावर सांगितलं नाही ते इथे सांगतो. त्या घरातून पायी जाण्यासारखं ठिकाण एकच आहे, गेट. गेटच्या पुढे हायवे.

सकाळी संजू बँकेत जाताना मला कारनं बाकावर सोडतो. शाळेत सोडतात तसं. बाराला मी सिटी बसनं नाक्यापर्यंत येतो आणि तिथून सुनेला फोन करतो, की ये बाई, घेऊन जा. ती स्कूटीवर येते. चांगली पोर आहे, कधी कुरकुरली नाही. पण बहात्तर वर्षांचा माणूस स्कूटीच्या मागे पिशवी धरून बसतो, तेव्हा त्याला काय वाटतं ते त्यालाच माहीत.

आणि धोटे? धोटे सकाळी आलं आणायला उतरतो. वर जातो. मग आठवतं साखर नाही, साखर आणायला उतरतो. वर जातो. मग कोथिंबीर. मला वाटलं, विसराळू झाला, वय झालं. मी म्हटलं, एक चिठ्ठी लिहून आण ना बे, सगळं एकदाच आण.

"सगळं एकदाच आणलं तर मग करू काय?" तो म्हणाला.

मुद्दाम करून राहिला होता! आल्याच्या वेळेस वाण्याशी गप्पा, साखरेच्या वेळेस न्हाव्याशी, कोथिंबिरीच्या वेळेस मंदिरासमोरच्या बायांशी. संध्याकाळी खोव्याची जिलेबी, तीही एकच, कारण दुसरी खाण्यासाठी परत उतरता येतं.

मीही चालायचं ठरवलं. आमच्या पार्कमध्ये गोल ट्रॅक आहे, त्यावर पिवळे बाण काढले आहेत, सगळ्यांनी बाणाकडे चालायचं. मी तीन दिवस चाललो. तीन दिवस मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. चौथ्या दिवशी मी उलटा चाललो, म्हणजे तोंडं दिसतील, कोणी रामराम घालेल. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर माझा फोटो. खाली लिहिलेलं, "रॉन्ग साइड चलने वाले अंकल किनके हैं? कृपया समझाएँ."

संजूनं समजावलं. मी चालणं सोडलं. त्या दिवशी मी मनाशी कबूल केलं, की मला धोटेसारखा एक फ्लॅट पाहिजे. एक खोली, एक जिना, खाली रस्ता. पण तोंडानं? तोंडानं मी दुसऱ्या दिवशी बाकावर म्हटलं, की धोटे, कबुतरखान्यात राहून राहिला बे तू.

* * *

एकदा धोटेनं मला आणि आमच्या कमलला पोह्याला बोलावलं. कमल माझी बायको. गुडघे दुखतात म्हणून ती कुठे जात नाही, असं मी समजत होतो. तिथे ते दोन मजले ती माझ्या आधी चढली.

धोटेनं पोहे बरे केले होते, मीठ जास्त होतं, ते मी सांगितलं. कमल पोह्याची बशी घेऊन जी गॅलरीत गेली ती आलीच नाही. दोन तास. समोरच्या गॅलरीतल्या बाईशी बोलली. खाली बांगड्यावाला गेला, त्याला वरूनच भाव विचारला. भाजीवाल्याला वरूनच टमाटे निवडायला लावले. "वो नहीं, वो वाला नहीं, उसके बाजू का!" हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, म्हणजे फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असताना ऐकला होता, मग नाही.

परत जाताना संजूच्या कारमध्ये मी सुरू झालो. काय ती गल्ली, काय तो आवाज, पार्किंग नाही, उजेड नाही, शेजारी डोकावतात, आपल्यासारख्या माणसाला तिथे दोन दिवस निघणार नाहीत. घरी आलो तरी माझं सुरूच. पुढे महिनोन्‌महिने सुरू. धोटेकडचं काहीही आठवलं की मला त्यात एक खोट काढल्याशिवाय जेवण जात नसे. कमल प्रत्येक वेळी "हो" म्हणायची आणि पोळी वाढायची. एकदा फक्त म्हणाली, "तुम्हाला नाहीच आवडणार, ते मला माहीत आहे." मला वाटलं, वा, बायको आपल्या बाजूची आहे.

* * *

या उन्हाळ्यातली गोष्ट. पावणेसहा वाजले आणि मोटरचा आवाज आला नाही. सहा वाजले, नाही. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. भाभी उठून बसल्या. त्यांनी वर जाऊन धोटेचं दार वाजवलं, उत्तर नाही. बाजूचे आले, खालचे आले. कोणी म्हणालं, काल छातीवर हात ठेवून जिना चढत होते. कोणी म्हणालं, काल मला मिठाई दिली, असं कधी देत नव्हते. भाभी तिथेच पायरीवर बसून रडू लागल्या. एकानं इंगळेला फोन केला, इंगळेनं मला. इंगळे एकच शब्द बोलला, "धोटे."

खोटं काहून बोलू? मला पहिला विचार आला तो असा, की धोटेची रूम रिकामी झाली. दुसरा विचार आला तेव्हा मात्र मी संजूला हाक मारली. चाळीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तरी पहिला विचार पहिलाच आला, तो काही मी बोलावला नव्हता.

तिकडे दार तोडायची तयारी झाली. जिन्यात पंधरा माणसं. दोघांनी खांदा लावला, दार ओढलं की आपोआप बसणारं लॅच तुटलं, सगळे आत घुसले. तेव्हा मागून, गर्दीच्या शेवटून, कोणीतरी हळूच विचारलं,

"कौन गया?"

धोटे! पहाटेच लाइट गेली होती. घरांत इन्व्हर्टर, म्हणून कोणाला पत्ताच नाही. मोटर इन्व्हर्टरवर चालत नाही, तर हा माणूस पावणेसहापासून खाली मोटरच्या खोलीत बटणावर बोट ठेवून लाइट यायची वाट पाहत उभा. वर रडारड ऐकली, वाटलं, बिल्डिंगमध्ये कोणीतरी गेलं, आपणही दोन शब्द बोलायला जावं. आला तर दार त्याचंच तुटलेलं.

मी पोहोचलो तेव्हा तो वीतभर उंचीच्या पलंगावर बसून गाजराचा हलवा खाऊन राहिला होता. त्या दिवशी सात घरांतून त्याला खायला आलं. जिवंत असल्याबद्दल! भाभीनं तर खीर केली. मी त्याला दोन शिव्या दिल्या, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडा रडलो आणि सात वाट्या मोजल्या.

आमच्या कॉलनीत मी गेलो तर गार्ड रजिस्टरमध्ये टाइम टाकेल आणि लिहील, अंकल आउट.

* * *

आता शेवटचं. महिन्याभरापूर्वी धोटे बाकावर म्हणाला की समोरचा फ्लॅट खाली होऊन राहिला. तिथे एक मास्तर राहत होते, त्यांची कटनीला बदली झाली. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत होता. मी काय म्हणायला पाहिजे होतं? मी म्हटलं, असल्या ठिकाणी कोण येईल राहायला? सवय, दुसरं काय. धोटेनं मान हलवली आणि चहा संपवला.

चार दिवस मला चैन नाही. भाषण तयार केलं, कमलला काय सांगायचं त्याचं. तिला डुप्लेक्स सोडवणार नाही हे मला माहीत होतं. तिथे मिक्सर आहे, सून आहे, नातवंडं आहेत. तिला म्हणणार होतो, की तू इथेच राहा, सुखी राहा, मी तिकडे राहतो, रविवारी येत जाईन. आणि नाहीच मानली तर म्हणणार होतो, चल मग तूही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा घोकलं, कारण ते मला नीट म्हणता येत नव्हतं. पण ठरवलं, आधी फ्लॅट पक्का करू, मग तिला सांगू. बाईमाणसाला आधी सांगितलं की दहा प्रश्न येतात.

तशीही ती तिसऱ्या दिवसापासून बहिणीकडे होती, संजूच सोडून आला होता. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, संजूला नऊलाच सोडायला लावलं, बाकावर न जाता सरळ भाभीचं दार वाजवलं. म्हटलं, भाभी, समोरचा फ्लॅट मला द्या. मी सव्वाचारला उठतो.

"अरे भाईसाहब, वो तो परसों ही उठ गया," भाभी म्हणाल्या. "एक दीदी ने ले लिया. आप ही लोगों की हैं, मराठी. बेटा गाड़ी में सामान छोड़ गया, दो बर्तन, एक गद्दा, और क्या चाहिए अकेले इंसान को. धोटे जी ने खुद गारंटी दी."

माझ्या छातीत जे पेटलं ते विचारू नका. कोण ही बाई? काय पुण्य केलं तिनं? जिचा मुलगा तिला कारनं आणून सोडतो, धोटे जिची गॅरंटी घेतो, माझी नाही! मी भाभींना विचारलं, किती दिवसांसाठी घेतलं? दोन-तीन महिन्यांत सोडेल का?

"छोड़ेंगी? वो तो कल से तीन बार नीचे उतर चुकीं." मग भाभींना काहीतरी आठवलं. त्या आतून एक कागद घेऊन आल्या. भाडेकरू ठेवला की पोलीस ठाण्यात फॉर्म द्यावा लागतो, तो. म्हणाल्या, आप मराठी हैं, ज़रा देख दीजिए, सरनेम ठीक लिखा है ना.

मी चष्मा लावला. आधी फोटो दिसला. आणि फोटोत मी आधी माझा खांदा ओळखला.

पेन्शनच्या कागदाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावावा लागतो. रिटायर होताना आम्ही तो स्टुडिओत जाऊन काढला होता, मी डावीकडे, ती उजवीकडे, खांद्याला खांदा लावून. त्यातला तिचा अर्धा भाग कात्रीनं कापून फॉर्मवर चिकटवला होता. कात्री सरळ चालली होती, पण माझा राखाडी कोट बोटभर तिच्या बाजूला राहून गेला होता.

नाव बरोबर लिहिलं होतं. कमल राऊत. खाली रकाना होता, राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. त्यात तिच्याच अक्षरात होतं, एक.

"ठीक है ना?" भाभींनी विचारलं.

मी म्हटलं, ठीक है.

जिना चढलो. वळणावर थोडा थांबलो, धाप लागली म्हणून. वर दोन्ही दारं उघडी होती. धोटेनं मला पाहिलं, उठला आणि आपलं दार आवाज न करता लावून घेतलं. समोरच्या दारात कमल ओल्या हातानं उभी होती. मागे गॅलरीत तिची साडी वाळत होती, नळाखाली दोन भांडी होती. तिनं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मला भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही.

ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "आलेच आहात, तर चहा घेऊन जा."